प्राध्यापक सिरसीकरांचे ‘ग्रामीण अभिजन’ व मराठवाड्याचें दफ्तर

ज्या त्रैमासिकाच्या पानांवर फर्मानें, महजर, निवाडपत्रें आणि शकावल्या यांनाच बहुधा जागा मिळते, तेथें एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ग्रंथांची परीक्षा कां घेतली, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. उत्तर सोपें आहे. पुणें विद्यापीठाचे प्राध्यापक सिरसीकर यांनीं १९७० सालीं ‘दि रूरल एलीट इन ए डेव्हलपिंग सोसायटी’ या नांवाचें जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यासाठीं निवडलेल्या तीन जिल्ह्यांत सातारा व अकोला यांच्या जोडीस आमचा औरंगाबाद जिल्हा होता. ज्या मुलखांत आम्ही देशमुख-देशपांड्यांचीं दफ्तरें धुंडाळीत हिंडतों, त्याच मुलखांत ते प्रश्नावली घेऊन गेले. एकाच विहिरींत दोघांनीं पोहरे सोडले. पाणी कोणाच्या हाताला किती लागलें हें पाहण्यास हरकत नसावी.

प्रथम हें शास्त्र आलें कोठून तें सांगितलें पाहिजे. दुसरें महायुद्ध संपल्यावर आशिया व आफ्रिका या खंडांत जीं नवीं राष्ट्रें उदयास आलीं, त्यांच्या राज्यकारभाराचा अभ्यास ही अमेरिकन विद्यापीठांत एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली. १९५४ सालीं तेथील सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलनें तौलनिक राजकारणाची एक समिति नेमली, आणि १९६० सालीं आमंड व कोलमन यांनीं संपादिलेला विकसनशील प्रदेशांच्या राजकारणावरील ग्रंथ बाहेर पडला. या मंडळींचा सिद्धांत थोडक्यांत असा कीं, समाज कोणताही असो, त्यांत राजकारणाचीं कांहीं ठराविक कार्यें चालतातच. फरक एवढाच कीं कांहीं समाज पारंपरिक असतात, कांहीं आधुनिक, आणि बाकीचे एकाकडून दुसऱ्याकडे वाटचाल करीत असतात. राज्यघटनेचीं कलमें वाचण्यापेक्षां माणसें प्रत्यक्ष वागतात कशीं हें मोजावें, असा त्यांचा दंडक होता. घाना, नायजेरिया, ब्रह्मदेश येथें लष्करानें सत्ता बळकावल्यावर या वाटचालीच्या कल्पनेस मोठाच धक्का बसला, व १९६८ सालीं हंटिंग्टन यांना ‘विकास’ सोडून ‘सुव्यवस्था’ हा शब्द पुढें करावा लागला. तो इतिहास येथें विस्तारानें देण्याचें कारण नाहीं.

महाराष्ट्रांत ही मोजणीची पद्धत चिकाटीनें राबविणाऱ्यांत सिरसीकरांचें नांव अग्रभागीं येतें. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा त्यांनीं पुणें येथें जो अभ्यास केला तो १९६५ सालीं ग्रंथरूपानें आला. त्यानंतर १९७० चें प्रस्तुत पुस्तक. १९७३ सालीं मतदारांवरचें ‘सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स’, म्हणजे मुकुटाविना राजे. आणि १९९५ सालीं आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणावरचा ग्रंथ. मतदारापासून पुढाऱ्याकडे, आणि पुढाऱ्यापासून सबंध प्रांताच्या राजकारणाकडे, असा हा तीस वर्षांचा प्रवास आहे. या सर्वांत आम्हांस १९७० चें पुस्तक अधिक मोलाचें वाटतें, कारण त्यांत पुण्याचा प्राध्यापक पुण्याबाहेर पडला आहे. विद्वत्तेच्या कोणत्याही शाखेंत ही गोष्ट आपल्याकडे जितकी घडावयास हवी तितकी घडत नाहीं.

पुस्तकाचा प्रसंग असा. १९५७ सालीं बळवंतराय मेहता समितीनें पंचायत राज्याची शिफारस केली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक समितीनें तिला या प्रांताचें रूप दिलें. १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीची मदत आणि शिक्षकांच्या नेमणुका-बदल्या, हें सर्व एकाएकीं निवडून आलेल्या माणसांच्या हातीं आलें. हीं माणसें कोण? त्यांची जात कोणती, जमीन किती, शिक्षण काय, सहकारी संस्थांशीं नातें काय, आणि मतें काय? सिरसीकरांनीं हें त्यांनाच विचारलें. उत्तरांतून निघालेला निष्कर्ष आज कोणास नवा वाटणार नाहीं, पण त्या वेळीं तो आंकड्यांनिशीं मांडणें यास धैर्य लागत होतें: सत्ता खालीं उतरली खरी, पण ती गांवाच्या तळापर्यंत न जातां सधन, जमीनदार व मुख्यतः मराठा कुळांच्या ओसरीवर येऊन थांबली. सरकारी पुस्तिकांत पंचायत राज्याचे गोडवे गाइले जात होते त्या काळांत हें लिहिलें गेलें, ही गोष्ट विसरून त्यांच्या उणिवा काढणें अन्यायाचें होईल.

आतां उणिवांकडे वळूं. कारण येथेंच आमच्या वाचकांस आपला संबंध दिसेल.

पुस्तकाच्या नांवांतला ‘एलीट’ हा शब्द आमच्या राज्यशास्त्रज्ञांनीं ‘अभिजन’ असा मराठींत आणिला. मोस्का व पारेटो या इटालियन पंडितांपासून चालत आलेली ही कल्पना आहे: बहुसंख्यांवर राज्य करणारे थोडके लोक. परंतु या थोडक्या लोकांना आमच्या दफ्तरांत ‘अभिजन’ असें निराकार नांव कोठेंही नाहीं. तेथें देशमुख आहे, देशपांड्या आहे, मोकदम आहे, शेट्या-महाजन आहे, मिरासदार आहे. प्रत्येकाचा हक्क वेगळा, मानपान वेगळा, आणि तो हक्क कोणत्या सनदेनें व कोणाच्या शिक्क्यानें मिळाला याची नोंद वेगळी. प्रश्नावलीच्या कोष्टकांत हे सर्व ‘मराठा’ या एका सदरांत, किंवा एकरांच्या आंकड्याप्रमाणें ‘मोठे’, ‘मध्यम’ व ‘लहान’ शेतकरी या सदरांत जाऊन बसतात. देशमुखी हा हुद्दा आहे, जात नव्हे. देशमुख मराठा असतो तसा ब्राह्मणही असतो. ज्या घराण्याकडे दोनशें वर्षें परगण्याची देशमुखी होती त्याचा वंशज, आणि ज्याच्या आज्यानें दुष्काळानंतर पडीक रान खंडानें घेऊन हळूहळू शंभर एकर जोडलें तो कुणबी, हे दोघे कोष्टकांत एकाच ओळींत उभे राहिले तर बेरीज चुकत नाहीं. पण माणूस मात्र चुकतो. लग्नाच्या सोयरिकींत, गांवच्या मानाच्या पोळ्याच्या बैलांत व तंट्याच्या निवाड्यांत हे दोघे कधींही एका ओळींत नसतात, आणि मतपेटीही गांवांतच ठेविलेली असते.

दुसरें असें कीं, निवडलेल्या तीन जिल्ह्यांच्या पाठीमागें तीन निरनिराळीं राज्यें उभीं आहेत. सातारा १८४८ पर्यंत छत्रपतींचें राज्य. पुढें मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें आलीं, आणि १९४२ नंतर तर तेथील गांवांनीं प्रतिसरकार चालवून पाहिलें. अकोला वऱ्हाडांत, १८५३ पासून इंग्रजी अमल व रयतवारी पाहणी. आणि औरंगाबाद? १७६३ पर्यंत निजामाची राजधानी, पुढें हैदराबादच्या दरबाराचा एक सुभा. पहिल्या सालारजंगानें १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलीचें काम काढून त्यांस रोख रुसूम बांधून दिला. सर्फेखास, पायगा व जागिरी मिळून संस्थानाचा मोठा भाग तर दिवाणी अमलाबाहेरच राहिला. जिल्ह्याचा मुखत्यार अव्वल तालुकदार, कचेरीची भाषा आधीं फार्सी व मग उर्दू, आणि सभा भरवावयाची तर गश्ती निशाण ५३ आडवें. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूरला भरलें तें १९३७ सालीं; स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीं ती नीट स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी संपली, १९४९ सालीं जागिरी खालसा झाल्या, १९५० सालीं कूळकायदा आला, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. बारा वर्षांत इतकीं स्थित्यंतरें!

आतां १९६५ सालीं पंचेचाळीस वर्षांचे असलेले दोन पुढारी डोळ्यांपुढें आणा. एक सातारचा व एक औरंगाबादचा. दोघेही १९२० चे. पहिल्यानें लहानपणापासून निवडणूक पाहिली, ऐन बाविशींत ‘चले जाव’ पाहिलें. दुसऱ्यानें वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत अव्वल तालुकदारास अर्ज लिहिले, तेही दुसऱ्याकडून, कारण कचेरीची लिपि त्याच्या शाळेंत शिकविलेली असेलच असें नाहीं. या दोघांस ‘लोकशाहीबद्दल आपलें मत काय’ हा एकच प्रश्न विचारून दोन उत्तरें शेजारीं मांडलीं, तर उत्तर सारखें आलें तरी तें सारखें नसतें. सिरसीकरांस तिन्ही जिल्ह्यांचा इतिहास ठाऊक नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. ते विद्वान् होते. परंतु त्यांच्या शास्त्रांत इतिहासाला पार्श्वभूमीच्या प्रकरणांत बसवून मग दार लावून घेण्याची रीत होती, आणि ती त्यांनीं मोडली नाहीं. पारंपरिक व आधुनिक असे दोनच कप्पे ज्या कपाटाला आहेत, त्यांत मलिकंबरी धारा, सालारजंगी जिल्हाबंदी व पोलिस कारवाई हीं तीन निरनिराळीं युगें एकाच खालच्या कप्प्यांत कोंबावीं लागतात.

सिरसीकरांच्या निष्कर्षाचा एक जुना साक्षीदार आमच्याकडे आहे, आणि त्याला त्या ग्रंथांत जागा मिळाली असती तर तो शोभला असता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत वतनदारांवर स्वतंत्र विवेचन आहे. त्याचा आशय असा कीं, हे लोक नांवाचे वतनदार, वस्तुतः लहान प्रमाणावरचे राज्यकर्तेच. असलेल्यावर संतुष्ट न राहतां बळ वाढवूं पाहणारे, शेजाऱ्याचें बळकावणारे, आणि परचक्र येतांच वतनासाठीं आधीं शत्रूस जाऊन भेटणारे. म्हणून त्यांना तोडूंही नये व मोकळेंही सोडूं नये. नव्यानें उभ्या राहिलेल्या राज्याचा कारभार ज्यानें स्वतः चालविला त्या मुत्सद्द्याचें हें निरीक्षण आहे. शिकागोच्या किंवा प्रिन्स्टनच्या पंडितांचें मत जेथें आधारास घेतात तेथें पन्हाळ्याच्या अमात्यांचेंही घेतलें असतें, तर वाचकास एक नेमका प्रश्न सुचला असता: १९४८, १९५६ व १९६० या तीन सत्तांतरांत औरंगाबाद जिल्ह्यांतील कोणतीं घराणीं कोणाच्या भेटीस गेलीं? जिल्हा परिषदेच्या सभासदांना जमीन किती हें विचारणाऱ्यानें, ती जमीन १९४९ पूर्वीं कोणाच्या नांवें होती हेंही विचारावयास हवें होतें.

मात्र येथें आमच्याच पंथाच्या लोकांस थोडें आवरलें पाहिजे. दफ्तरांत रमलेल्या माणसाची खोड अशी कीं, त्यास जिल्हा परिषदेचा अध्यक्ष दिसला कीं देशमुख आठवतो आणि साखर कारखान्याचा चेअरमन दिसला कीं मोकदम आठवतो; जुनेंच सर्व नव्या अंगरख्यांत आलें असें म्हणून तो स्वस्थ बसतो. हें संशोधन नव्हे. देशमुखाचा हक्क सनदेवर चाले, सभासदाचा पांच वर्षांच्या मतावर. देशमुखास रयतेच्या मुलाला शाळामास्तर नेमतां येत नव्हतें. सहकारी पतपेढीचें कर्ज, उसाचा भाव व शिक्षकाची बदली हीं नवीं हत्यारें आहेत, आणि तीं हातीं घेणारा माणूस जुन्या घराण्यांतला आहे कीं नवा, हें प्रत्येक गांवीं कागदावरून सिद्ध करावें लागेल. जयंत लेले यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत मराठा अभिजनांच्या वर्चस्वाचीं मुळें इतिहासांत शोधण्याचा यत्न केला, आणि मेरी कॅरास या अमेरिकन विदुषीनें १९७२ सालीं जिल्हा परिषदांतील गटबाजीच्या मुळाशीं आर्थिक हितसंबंध दाखविले. दोन्हीं यत्न सिरसीकरांच्या पुढचें पाऊल होत. पण मूळ मराठी, फार्सी व उर्दू कागद हातीं घेऊन एकेका परगण्याची हकीकत उलगडण्याचें काम त्यांचेंही नव्हे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहिला तेव्हां त्यांच्यापाशीं कोष्टकें नव्हतीं, पण पाटील व कुळकर्णी कोणत्या वाटेनें कोणाला नाडतात हें त्यांनीं कचेरींत बसून पाहिलें होतें. फुकाझावा हा जपानी पंडित दख्खनच्या वतनांचा अभ्यास करण्यास मोडी कागदांपर्यंत आला. मधला दुवा जोडण्याचें काम मराठवाड्यापुरतें तरी आमच्याच पदरीं आहे.

आणखी एक उणीव सांगणें प्राप्त आहे. ती ग्रंथकाराच्या मनाची नसून पद्धतीची आहे. ‘अभिजन’ कोण हें अधिकारपदावरून ठरवावयाचें म्हटलें कीं, ज्यास पद नाहीं त्यास कोष्टकांत घर नाहीं. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आलें. खेड्यापाड्यांतील अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांतील मुलें तेथें शिकूं लागलीं. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. सिरसीकरांचें पुस्तक छापून निघालें तेव्हां या मुलांची एक पिढी पदवीधर होऊन लिहूं-बोलूं लागली होती. पुढें १९७८ च्या जुलैंत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळांत झाला आणि मराठवाड्याच्या गांवोगांवीं दलितांचीं घरें जळालीं. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. पुढाऱ्यांनीं प्रश्नावलींत जातिभेदाबद्दल कितीही उदार उत्तरें दिलीं असोत, आठ वर्षांनीं गांवांत काय घडलें तें त्या उत्तरांच्या बेरजेंतून कोणासही वाचतां आलें नसतें. महजरांत निदान बलुतेदारांची नांवें शेवटीं तरी येतात.

महजराची गोष्ट निघालीच आहे, तर ती पुरी करूं. सिरसीकरांची प्रश्नावली व आमचा महजर हीं एका जातीचीं कागदपत्रें आहेत असें आम्हांस वाटतें. दोहोंत गांवच्या लोकांस बसवून विचारावयाचें व सांगितलेलें लिहून घ्यावयाचें. परंतु महजरांत हाजिर मजालसीची नांवनिशी असते, पाटलाच्या नांवाखालीं नांगराची निशाणी असते, काजीची मोहर असते. कोण बोलला तें दोनशें वर्षांनीं कळतें. प्रश्नावलींत नांव मुद्दाम झांकलेलें असतें, आणि छापतांना उरते ती शेंकडेवारी. उत्तर देणारा निर्भयपणें बोलावा म्हणून हें झांकणें त्या वेळीं योग्यच होतें. पण यामुळें मूळ कागदाचें महत्त्व दुप्पट होतें. ग्रंथांतील कोष्टकें हा केवळ ताळेबंद होय. रोजकीर्द म्हणजे भरलेलीं प्रश्नपत्रें. अशीं पत्रें, मग तीं सिरसीकरांचीं असोत कीं त्यांच्या वाटेनें गेलेल्या कोणाचीं, कोणत्याही संस्थेच्या वा घराच्या माळ्यावर पडलीं असतील तर तीं बखरीच्या बाडाइतकींच जपलीं पाहिजेत. उत्तर देणारे बहुतेक आतां हयात नाहींत. झांकलेलीं नांवें उघडण्याचा दिवस कधीं यावा, याचा नियम संग्रहालयांनीं आतांच ठरवावा.

आमच्या संग्राहकांची रीत मात्र उलटी आहे. मोगली शिक्क्याचा अर्धा फाटका परवाना मिळाला तर आम्ही पदरमोड करून तो घेतों, आणि त्याच गाठोड्यांतील १९५२ च्या निवडणुकीचें हस्तपत्रक, कूळकायद्याची नोटीस, सहकारी सोसायटीच्या पहिल्या सभेचें इतिवृत्त हीं रद्दीच्या तागडींत टाकतों. ‘नवें आहे’ हें कारण! राजवाड्यांनीं १८९८ सालीं पहिला खंड काढला तेव्हां त्यांतील पानिपतच्या वेळचीं पत्रें सुमारें एकशें सदतीस वर्षांचीं होतीं. सालारजंगाच्या जिल्हाबंदीस आज त्याहून अधिक वर्षें झालीं. जागिरी खालसा झाल्याच्या वेळच्या याद्या उर्दू शिकस्तांत आहेत, आणि शिकस्ता वाचणारे हात आमच्या जिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांहूनही थोडे उरले आहेत.

सिरसीकरांचा ग्रंथ हातीं घेऊन कोणी हें काम आरंभिल्यास त्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या पुस्तकांतील औरंगाबाद जिल्हा म्हणजे आजचा छत्रपति संभाजीनगर जिल्हा नव्हे. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके तेव्हां त्यांत होते. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा वेगळा झाला. तेव्हां देशमुखी घराण्यांच्या याद्या व १९६२ च्या पहिल्या जिल्हा परिषदेच्या सभासदांची यादी ताडून पाहतांना दोन्ही जिल्ह्यांचीं दफ्तरें पाहावीं लागतील. संस्थानी कागदांवरील फसली साल तसेंच उतरून घ्यावें व इसवी साल त्याखालीं वेगळें लिहावें. ५९० मिळवून मोकळें होणारे लोक जानेवारीपासूनचे महिने हटकून चुकवितात, आणि १३५८ फसलीच्या बाबतींत ही चूक घडली तर कागद निजामाचा कीं लष्करी अंमलदाराचा हेंच कळेनासें होईल.